बटण सापडलं

मामाच्या हातून आजवर एकदाही कॅन्सर मेला नव्हता, आणि लॅबमध्ये त्याचं नाव होतं ते नेमकं याचसाठी.

पंचेचाळीस वर्षांपूर्वी कुणा एका बाईच्या गाठीतून काढलेल्या पेशी. बाई केव्हाच गेली. तिच्या पेशी मात्र चपट्या प्लास्टिकच्या बाटल्यांत अजून वाढतायत, थांबायचं नाव नाही. त्यांना माणसाच्या अंगाइतकी ऊब लागते, म्हणून त्यांच्यासाठी खास उबदार कपाट. प्यायला गुलाबी पाणी लागतं, ते दर तिसऱ्या दिवशी बदलायचं. पेशी पोटभर जेवत असल्या तर तोवर ते पिवळं पडलेलं असतं. गुलाबीचं गुलाबीच राहिलं तर समजावं, बाळांचं काहीतरी बिनसलंय. पिवळी बाटली दिसली की मामाचा चेहरा खुलायचा. "जेवली बघा," म्हणायचा, जणू स्वतःच्या हाताने घास भरवलाय. एका अर्थी भरवलेलाच असायचा.

मोठमोठ्या पदव्या घेतलेली पोरं यायची, कोपरापर्यंत हात धुवायची, दुहेरी मोजे चढवायची, आणि आठवड्याभरात त्यांच्या बाटलीत बुरशीची दाढी उगवलेली असायची. मग सुतकी चेहऱ्याने मामाकडे. मामा बाटली उजेडाला धरायचा, च् च् करायचा आणि विचारायचा, काल झाकण उघडं ठेवून फोन घेतलास ना? पोरगं मोजे काढू लागायचं. तेवीस वर्षांत मामाची एकही बाटली दगावली नव्हती. हात दाईचा, असं सगळे म्हणायचे.

सगळी लॅब त्याला मामा म्हणायची. सख्खी भाची एकच, पण मानलेली भाचरं गावभर. मामा बनवण्यावरून मराठीत जितके विनोद होऊ शकतात तितके सगळे त्याने झेलले होते. त्यातल्या निम्म्यांना तो स्वतःच आधी हसायचा, म्हणजे लवकर उरकायचे.

सख्खी भाची होती ती त्याच्या ताईची. ताई शिवणकाम करायची, मुख्यतः शाळेचे गणवेश. मामाच्या खोलीसमोर रस्ता, रस्त्यापलीकडे तळमजल्यावर ताईची खोली, पुढे मशीन आणि मागे संसार. आई लवकर गेल्यावर हिनेच याला वाढवलं होतं. त्याचं लग्न राहून गेलं तेही हिच्यामुळेच, असं ती स्वतः सांगायची: दाखवलेली प्रत्येक मुलगी तिने मापाने बघितली आणि प्रत्येक मुलगी कुठे ना कुठे सैल निघाली.

ताई बोलायची ती ओठांत टाचण्या धरून. टाचण्या तोंडात असल्या की तिचं सगळं बोलणं नाकातून यायचं आणि ब, प यांचा म व्हायचा. बाळ्या म्हणून हाक मारायची ती "माळ्या" ऐकू यायची. कितीतरी गिऱ्हाइकांची समजूत होती की हिचा भाऊ बागकाम करतो. एकदा एका बाईने येऊन मामाला गुलाबाची कलमं कधी लावावीत म्हणून विचारलं होतं, आणि मामाने तिला बिचकत बिचकत सांगितलंही. बटणाचं तर मटणच. "माळ्या, खाली मटण मडलंय, उचल," असं तिने म्हटलं की नवं गिऱ्हाईक आधी पायाखाली बघायचं आणि मग दाराकडे.

त्या ताईला छातीत गाठ निघाली.

डॉक्टर चांगले होते, फक्त त्यांना सगळं 'आपण' करायची सवय होती. गाठ अजून जागच्या जागी आहे, आपण ती अठरा तारखेला काढून टाकू, मग आपण थोडी औषधं घेऊ, आपण बरे होऊ. घरी आल्यावर ताईने त्यांचा आवाज हुबेहूब काढला. आपण काढू म्हणतो, म्हणाली, पण काढणार माझंच. त्याचं काय जातंय. भाची हसली, मग रडली. मामा मात्र रिपोर्ट वाचत बसला होता. रिपोर्टमध्ये लिहिलं होतं की गाठीत अमुक एक प्रथिन वाजवीपेक्षा फार जास्त बनतंय. ते नाव मामाला पाठ होतं. कपाटातल्या त्याच्या चाळीस बाटल्यांवर, त्याच्याच काळ्या पेनने, तेच नाव होतं.

त्या बाटल्या होत्या घाईच्या. घाई म्हणजे लॅबमधली संशोधक मुलगी. ती जिना दोन-दोन पायऱ्यांनी चढायची, चहा उभ्याने प्यायची आणि प्रत्येक वाक्य 'म्हणजे बघा ना' ने सुरू करून तिसऱ्याच वाक्याने संपवायची. तिचं काम असं की, त्या पेशी ते प्रथिन इतकं का बनवतायत, कुणाच्या सांगण्यावरून, ते हुडकायचं. पेशीत जनुकं वीस हजार. प्रत्येक पेशीतलं एकच जनुक कापून निकामी करायचं, हिचं हे, तिचं ते, अशा लाखो पेशी एकत्र वाढवायच्या. मग त्या प्रथिनालाच चिकटणारा एक चमकता रंग त्यांच्यावर सोडायचा. प्रथिन जास्त तर चमक जास्त. मशीन एकेक पेशी बघतं आणि मिणमिणत्या तेवढ्या बाजूला काढतं. त्या मिणमिणत्या पेशींत कुठलं जनुक कापलं गेलं होतं ते वाचायचं. ते सापडलं, की चोर सापडला.

ताईने विचारलं तेव्हा मामाने हे सगळं सोपं करून सांगितलं. समज, एका मोठ्या घरात एक दिवा रात्रंदिवस जळतोय, बंदच होत नाही. घरात बटणं वीस हजार आणि कुठलं कशाचं ते कुठेच लिहिलेलं नाही. मग काय करायचं? एकेक बटण बंद करायचं आणि बघायचं, तो दिवा कशाने विझतो.

ताईने टाचण्या काढून हातात घेतल्या. "दोन भोकांचं की चार?" तिने विचारलं.

मामा हसला. तीही हसली. पण त्या दिवसापासून रोज संध्याकाळी तो दारात दिसला की मशीन न थांबवता ती विचारायची, "मटण सामडलं का?" आणि मामा म्हणायचा, शोधतायत.

सोळा तारखेला, म्हणजे ऑपरेशनच्या दोन दिवस आधी, घाई कॉम्प्युटरच्या खोलीतून बाहेर आली ती चक्क चालत आली. तीन वेळा केलेल्या प्रयोगात तिन्ही वेळा एकच जनुक यादीत सगळ्यात वर होतं. "मामा," ती म्हणाली, "सापडलं."

लॅबमध्ये हा शब्द दर महिन्या-दोन महिन्याला कुणी ना कुणी म्हणतंच. तिथे त्याचा अर्थ इतकाच, की उद्यापासून तपासायला काहीतरी आहे. दहांतली आठ सापडलेली मंडळी तपासात गळतात, हे मामाला ठाऊक होतं. तेवीस वर्षं तो बघत आला होता. पण त्या संध्याकाळी रस्ता ओलांडताना हे ज्ञान त्याने कुठे ठेवलं होतं कोण जाणे. दारात उभा राहिला, ताईने नेहमीचा प्रश्न विचारला, आणि तो म्हणाला, "सापडलं."

मशीन थांबलं.

त्याने लगेच पुढचंही सांगितलं, की आत्ता फक्त सापडलंय, अजून तपासायचंय, आणि तुझ्या अठरा तारखेशी याचा काही संबंध नाही. ते सगळं ताईने ऐकलं, मान डोलवली, एकेक करून टाचण्या उशीत खोचल्या. आणि दुसऱ्या दिवशी भाचीला दवाखान्यात फोन करायला लावला, की शाळा उघडायची आहे, दीडशे गणवेश अंगावर आहेत, तारीख पुढची द्या. मामा धावत आला. तेव्हा तिने त्याला ऐकवलं ते असं:

"अरे, बटण सापडलं तर कापड कशाला कापायचं?"

तिच्या धंद्यात ते अगदी बरोबर होतं. एकदा कात्री लावलेलं कापड परत जोडलं तरी शिवण दिसते, हे तिने जन्मभर गिऱ्हाइकांना सांगितलं होतं.

मग तो मॅडमकडे गेला. मॅडम म्हणजे लॅबच्या प्रमुख. खूप विद्वान बाई, आणि विद्वान असल्यामुळे साधारणपणे बोलणाऱ्या. मामाने बेसिनपाशी हात पुसत पुसत विचारलं, की हे घाईचं जे सापडलंय त्याचं औषध व्हायला किती लागेल. मॅडमनी चष्मा वर सारला. साधारणपणे, त्या म्हणाल्या, सगळं सुरळीत झालं तर दहा ते पंधरा वर्षं, आणि साधारणपणे सगळं सुरळीत होत नाही. मग त्यांना काहीतरी जाणवलं असावं. का विचारता, म्हणाल्या. मामा म्हणाला, सहज.

दहा ते पंधरा वर्षं हे तीन-चार शब्द तोंडात धरूनच तो ताईकडे निघाला, ती टाचण्या धरते तसे. ताई खुशीत होती. बऱ्याच दिवसांनी पोटभर जेवली होती. हा दिसताच तिने त्याला उभं केलं, तुझा लॅबचा पांढरा कोट कोपरात विरलाय, नवा शिवते, म्हणाली, आणि टेप छातीभोवती घेतला.

"वेळ लागेल, ताई," तो म्हणाला.

"कशाला?"

"त्या बटणाला."

"किती?" तिने विचारलं. टेप आवळून धरला होता, ती आकडा वाचत होती. "श्वास सोड आधी."

मामाने श्वास सोडला. "थोडा," म्हणाला.

एवढंच. एक शब्द. तेवढा बोलला नसता तर, असं तो पुढे किती वेळा मनात म्हणाला असेल त्याची गणती नाही. पण समोर ती जेवून उठलेली होती, आणि टेप त्याच्या बरगड्यांवर होता, आणि माणूस मापाला उभा असला की खोटं बोलायला फार कष्ट पडत नाहीत.

लॅबमध्ये तपास सुरू झाला. फक्त ते एकच जनुक कापलेल्या पेशींची एक वेगळी बाटली, आणि ती अर्थातच मामाच्या हाती. मामाने तिच्यावर फुली मारली, कपाटात सगळ्यात आत ठेवली. तिसऱ्या दिवशी काढून बघतो तर पाणी गुलाबी. चौथ्या दिवशी गुलाबी. पाचव्या दिवशीही गुलाबी, नव्या साडीसारखं.

इथे त्याने थांबायला हवं होतं. गुलाबी म्हणजे आजारी, हे त्याच्याइतकं त्या इमारतीत कुणाला कळत नव्हतं. दुसऱ्या कुणाची बाटली असती तर त्याने उजेडाला धरून च् च् केलं असतं आणि विचारलं असतं, यांना झालंय काय? पण मामाने ती बाटली बघितली ती तंत्रज्ञाच्या डोळ्यांनी नव्हे, भावाच्या. कॅन्सर जेवत नाहीये. आयुष्यात पहिल्यांदा त्याला गुलाबी बाटली बघून आनंद झाला. घरी जाऊन सांगितलं, की खातच नाहीत मेल्या.

झालं. आता संध्याकाळचा प्रश्न बदलला. ताई विचारायची, "मिवळं झालं का रे माणी?" मामा म्हणायचा, नाही, अजून गुलाबी. ताई समाधानाने पायडल मारायची. नवी तारीख आली, तीही तिने पुढे ढकलली. भाचीने मामाला त्याच्या खोलीच्या जिन्यात गाठलं. ती शाळेच्या कचेरीत कामाला होती, कागद वाचायची सवय, आईचे सगळे रिपोर्ट तिने वाचले होते. मामा, म्हणाली, माझं ती ऐकत नाही. तुझं ऐकते. तू सांग. मामा म्हणाला, बघतो. भाची त्याच्याकडे बघत राहिली, आणि मामा तिच्या बाजूने अंग चोरून खाली उतरला.

साडेतीन महिने गेले. दीडशे गणवेश कधीच पोरांच्या अंगावर मळून गेले होते.

मग एका सकाळी मॅडमनी सगळ्यांना टेबलाभोवती बसवलं. घाईने तेच जनुक या वेळी निरोगी पेशींतही कापलं होतं, आणि एकाऐवजी चार रंग सोडले होते, चार वेगवेगळ्या प्रथिनांना चिकटणारे. पडद्यावर चित्र आलं. चारही मिणमिणते. निरोगी पेशी तर कॅन्सरच्या आधी मेल्या होत्या. घाई या वेळी एकही 'म्हणजे' न म्हणता बोलली. ते जनुक त्या एका प्रथिनाचं नव्हतंच. पेशीत प्रथिन बनवायचा जो मूळ कारखाना, त्याचाच तो एक खांब. तो पाडला की सगळंच मंदावतं. पहिल्या फेरीत आपण एकच दिवा बघत होतो, म्हणून तो विझलेला दिसला. बाकीचे बघितलेच नाहीत.

"साधारणपणे असं होतं," मॅडम म्हणाल्या. चूक कुणाचीच नाही, यादीतलं दुसरं नाव घ्या. मग त्यांनी मामाकडे वळून अगदी सहज विचारलं, "मामा, त्या बाटलीचं पाणी पिवळं पडत होतं का हो?"

"नाही," मामा म्हणाला.

"कधीपासून?"

"पहिल्यापासून."

घाईने मान वर करून त्याच्याकडे पाहिलं. रागाने नाही. तिला खरंच नवल वाटलं होतं, की मामाने हे सांगितलं कसं नाही. मामा पांढऱ्या कोटाच्या नव्या बाहीकडे बघत होता. कोपरावर ताईने आतून दुहेरी कापड लावलं होतं, परत विरू नये म्हणून.

त्या दिवशी तो दुपारीच घरी गेला. ताई मशीनवर होती, तोंडात टाचण्या. त्याने दारातूनच सांगितलं, कारण आत जाऊन बसला असता तर पुन्हा 'थोडा' म्हणाला असता. ते त्या दिव्याचं बटण नव्हतं, ताई. तो मेन होता. बंद केला की सगळं घर अंधारात जातं. तसलं औषध दिलं तर गाठीच्या आधी माणूस जाईल.

ताईने टाचण्या एकेक करून काढल्या. सात होत्या. सातही उशीत खोचल्या, सरळ रांगेत.

"मेनला काय हुडकायचं?" ती म्हणाली. "मेन तर सगळ्यांना माहीत असतो. दारामागे असतो."

मामा दाराची चौकट धरून उभा.

"मग तू त्या दिवशी सापडलं का म्हणालास?"

तिने उत्तराची फार वाट पाहिली नाही. "लॅबने तुला मामा बनवलं," म्हणाली, "आणि तू मला." आणि हसली. तेवढं हसली नसती तरी चाललं असतं.

दवाखान्यात नवे फोटो काढले. डॉक्टर बराच वेळ ते उजेडावर धरून बघत होते, मामा बाटल्या बघायचा तसे, आणि मामाला त्यांच्या चेहऱ्यावरचं च् च् ऐकू न येताही ऐकू आलं. गाठ जागच्या जागी राहिली नव्हती. काखेत उतरली होती, यकृतातही ठिपके होते. "आता आपण कापणार नाही," डॉक्टर म्हणाले. आपण औषधं सुरू करू आणि बघू. ताईने घरी आल्यावर त्यांचा आवाज काढला नाही.

औषधं सुरू झाली. मामा रोज सकाळी लॅबमध्ये कपाट उघडायचा. यादीतल्या दुसऱ्या नावाच्या बाटल्या आता त्यात होत्या, आणि बाकीच्या नेहमीच्या, टवटवीत, पिवळ्या. एका सकाळी त्याने एक पिवळी बाटली हातात घेतली आणि पाणी न बदलताच तशीच उभा राहिला. हिला आज उपाशी ठेवलं तर? पण त्याने ताईचं काय होणार होतं? तिच्या अंगातल्या गाठीला ऊब आणि खाणं ताईच देत होती, तिथे याचा हात पोचत नव्हता. जगवणं तेवढं त्याला येत होतं. त्याने झाकण फिरवलं, जुनं पाणी ओढून घेतलं, नवं गुलाबी घातलं. "जेवली बघा" म्हणायचं मात्र त्याने सोडलं होतं, आणि 'सापडलं'ही. घाई एकदा पेन शोधत होती, मामाला ते खुर्चीखाली दिसलं. त्याने नुसतं उचलून तिच्यापुढे धरलं.

औषधांनी ताईचं तोंड आतून सोलवटलं. टाचण्या ओठांत धरवेनात. तिने मनगटाला छोटी उशी बांधली आणि टाचण्या तिथे राहू लागल्या. त्यामुळे तिचं बोलणं आता शब्द न् शब्द कळायचं. ब ला ब, प ला प. बाळ्या म्हणायची, अगदी स्वच्छ, आणि ती हाक दुसऱ्याच कुणाला मारलीय असं मामाला वाटायचं.

मशीन भाची चालवायची, कचेरीतून आल्यावर. ताई खिडकीशी बसून हाताने बटणं लावायची. एका दुपारी तिच्या हातून एक निसटलं. औषधांनी बोटं बधिर झाली होती, धरलंय की सोडलंय ते तिला कळायचं नाही. बटण टणटणत मशीनखाली गेलं.

मामा गुडघ्यांवर बसला. पायडलखाली दोऱ्यांची गुंतवळ, चिंध्या, खडूचा तुकडा. तो हाताने चाचपत राहिला. वरून ताईने विचारलं, "सापडलं का?"

बटण भिंतीला टेकून उभं होतं. मामाने ते चिमटीत धरलं, मागे सरकत बाहेर आला आणि तिच्या तळहातावर ठेवलं.

"बोल की," ताई म्हणाली. "हे तर खरंच सापडलंय."

मामाने गुडघे झटकले. "तेच आहे का बघ," तो म्हणाला. "एकदा नीट तपासून घे."

ताईने बटण खिडकीच्या उजेडाला धरलं. एका डोळ्याने त्यातून त्याच्याकडे बघितलं.

"चार भोकं आहेत, बाळ्या. आणखी किती तपासणार?"

मग तिने सुई त्याच्याकडे दिली, आज मला ओवता येत नाही, म्हणाली. मामाने दोऱ्याचं टोक ओलं केलं. सुई उजेडाला धरली. दोरा पहिल्यांदा गेला नाही. दुसऱ्यांदाही नाही. ताई हात पुढे करून थांबली होती, आणि मामा पुन्हा टोक ओलं करत होता.